लाल शाईने भरलेली वही आणि पुन्हा तीच चूक

प्रश्न : बीड जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. आठवी आणि नववी मिळून त्यांच्याकडे १२० विद्यार्थी आहेत. निबंध, पत्रे आणि गोष्टी यांच्या वह्या त्या घरी नेतात, प्रत्येक चूक लाल शाईने खोडून तिच्यावर बरोबर रूप लिहितात आणि शेवटी गुण देतात. आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी या कामात जातात. तरीही जूनमध्ये दुरुस्त केलेले ‘शी गो’ आणि ‘डिड नॉट वेन्ट’ दिवाळीनंतरच्या वहीत जसेच्या तसे उतरतात. काही मुले तर आता चूक नको म्हणून चारच वाक्ये लिहून वही देतात. शाळेतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की, वह्या तपासून कोणाचेही व्याकरण सुधारत नाही, ते केवळ दाखवण्यापुरते काम आहे. मुख्याध्यापकांचा आग्रह मात्र एकही चूक सुटता कामा नये असा आहे आणि पालकही लाल खुणा बघूनच शिक्षकाचे कष्ट ठरवतात. शिक्षिका विचारतात, ‘माझ्या तपासण्याचा मुलांना खरोखर उपयोग होतो का? होत नसेल, तर मी हे थांबवावे का?’

उत्तर :

ताई, नमस्कार.

तपासणे थांबवू नका. मात्र आज ज्या रीतीने तुम्ही तपासता, त्यात सगळे श्रम तुमचे आहेत आणि शिकायचे आहे मुलांना. तुमच्या पत्रात तुम्ही काय करता हे फार नेमकेपणाने आले आहे, पण वही परत मिळाल्यावर मूल तिचे काय करते, याबद्दल एकही वाक्य नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या न लिहिलेल्या वाक्यात आहे.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही, हे आधी मान्य करायला हवे. तैवानमध्ये अध्यापन करणारे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली एक लेख लिहून दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या लेखनातील व्याकरणदुरुस्ती सरसकट बंद करावी, अशीच भूमिका घेतली होती. भाषेचे नियम हळूहळू आणि टप्प्याटप्प्याने अंगवळणी पडतात, शिक्षकाने वहीत एकदा बरोबर रूप लिहिल्याने ते मनात रुजत नाही. शिक्षकाचा वेळ जातो, मुलांचा उत्साह जातो आणि चुका टाळण्यासाठी मुले सोपे व तोकडे लिहू लागतात, असे त्यांचे आक्षेप होते. तुमच्या वर्गातली चार वाक्ये लिहिणारी मुले हा शेवटचा आक्षेप खरा करून दाखवत आहेत. पण चर्चा तिथे संपली नाही. डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्यांना उत्तर देताना दाखवले की, सगळ्या दुरुस्त्या एका मापाने मोजता येत नाहीत. निवडक, स्पष्ट आणि विद्यार्थ्याच्या पातळीला धरून केलेली दुरुस्ती ही घाईत केलेल्या सरसकट खाडाखोडीपेक्षा वेगळी असते. त्यानंतर दुरुस्ती मिळालेले आणि न मिळालेले विद्यार्थी शेजारी ठेवून बरेच प्रयोग झाले. २०१५ मध्ये कांग आणि हान यांनी अशा २१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा लेखी दुरुस्तीने व्याकरणाची अचूकता वाढते, असाच निष्कर्ष निघाला. किती वाढते, हे मात्र विद्यार्थ्याची पातळी, शिकण्याचे वातावरण आणि लेखनाचा प्रकार यांवर अवलंबून होते. तेव्हा उपयोग होतो का, या प्रश्नाचे उत्तर ‘होतो’ असे आहे. आपण बोलायचे ते कोणत्या रीतीने होतो यावर.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाकडे वळतो. तीच चूक पुन्हा दिसली म्हणजे तपासणे वाया गेले, असे तुम्ही धरून चालला आहात. ‘शी गो’ हे उदाहरण घ्या. तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्यापुढे क्रियापदाला लागणारा हा ‘एस’ सांगायला सोपा आहे, पण तो वापरात फार उशिरा स्थिरावतो. डुले आणि बर्ट यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिशभाषक आणि चिनीभाषक मुलांची इंग्रजी वाक्ये तपासली, तेव्हा दोन्ही गटांत हा प्रत्यय उशिरा येणाऱ्यांतच निघाला. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, त्या लहान मुलांनाही तो इतर अनेक प्रत्ययांच्या मागून येतो. ‘शी’ म्हटल्यावर कर्ता कळलेलाच असतो, ‘एस’ गाळला तरी अर्थ अडत नाही, म्हणून मन त्याच्याकडे लक्षच देत नाही. मराठी मूल तर ‘मी जाते, तू जातेस, ती जाते’ असे कर्त्यानुसार क्रियापद बदलतच मोठे झालेले असते, त्यामुळे ही कल्पना त्याला परकी नाही. तरीही नियम तोंडपाठ असलेली मुलगी घाईत लिहिताना ‘शी गो’ लिहून जाते. हा निष्काळजीपणा नाही आणि तुमच्या शिकवण्याचे अपयशही नाही. अशा चुकीचा हिशेब ‘आहे की नाही’ असा न करता, दहापैकी किती वेळा बरोबर आले, असा करावा. जूनमध्ये दहापैकी दोनदा बरोबर लिहिणारी मुलगी दिवाळीनंतर सहादा बरोबर लिहीत असेल, तर लाल शाईला उरलेल्या चार चुका दिसतात आणि झालेली प्रगती दिसतच नाही.

‘डिड नॉट वेन्ट’ची गोष्ट निराळी आहे. इथे मूल मराठीचा नियम इमानाने पाळत असते. ‘ती गेली’ आणि ‘ती गेली नाही’ या दोन्ही वाक्यांत भूतकाळ क्रियापदातच राहतो, नकार फक्त पुढे जोडला जातो. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’ने उचलून घेतलेला असतो, म्हणून पुढचे क्रियापद मूळ रूपात येते. ‘व्हेन माय फादर विल कम’ हेही तसेच, कारण ‘बाबा येतील तेव्हा’ असे आपण भविष्यकाळातच म्हणतो. ‘आय आस्क्ड हिम दॅट व्हेअर आर यू गोइंग’ या वाक्यात तर मराठीतला ‘की’ आणि त्यामागून येणारा मूळ प्रश्न जसाच्या तसा उभा आहे. या चुकांमागे एक नियम आहे आणि तो मुलाला मराठीतून दोन ओळींत सांगता येतो. नुसते ‘वेन्ट’ खोडून ‘गो’ लिहिले, तर मुलाला ते वाक्य कळते, नियम कळत नाही; पुढच्या वेळी ‘डिड नॉट एट’ येतेच.

इथे यंगही शीन यांचा २००७ सालचा प्रयोग तुमच्या फार उपयोगाचा आहे. त्यांनी इंग्रजीतील उपपदे, म्हणजे ‘अ’ आणि ‘द’, एवढाच विषय घेतला. एका गटाला केवळ बरोबर रूप लिहून दिले, दुसऱ्या गटाला बरोबर रूपासोबत नियमाची छोटी टीप दिली आणि तिसऱ्याला काहीच दिले नाही. दुरुस्ती मिळालेले दोन्ही गट पुढे गेले, पण काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा टीप मिळालेला गट अधिक सरस ठरला. न्यूझीलंडमध्ये बिचनर आणि नोख यांनी ५२ विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्याहून मर्यादित विषय निवडला: वस्तूचा पहिला उल्लेख ‘अ’ने आणि त्यानंतरचा ‘द’ने. एकदाच दिलेल्या दुरुस्तीचा परिणाम दहा महिन्यांनंतरच्या लेखनातही टिकून राहिला. हा नियम आपल्या मुलांना समजावणे किती सोपे आहे, पाहा. ‘आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता’ अशी कहाणी सुरू होते आणि पुढच्या वाक्यात तो ‘एक राजा’ राहत नाही, ‘तो राजा’ होतो. मराठीत स्वतंत्र उपपदे नसली, तरी पहिला आणि दुसरा उल्लेख यांतला फरक प्रत्येक मुलाच्या कानात आहे. त्या कानाला हाक द्या, व्याकरणाच्या पुस्तकातली व्याख्या नंतर आली तरी चालेल. टीप मराठीत लिहायला तर मुळीच संकोच करू नका. जे समजावून सांगायचे आहे, ते मुलाला समजेल त्या भाषेतच सांगायला हवे.

दुसरे गृहीतक मुख्याध्यापकांचे आहे, पण तुम्हीही ते स्वीकारलेले दिसते: एकही चूक सुटता कामा नये. प्रामाणिकपणे सांगायचे तर, या मुद्द्यावर संशोधन एकाच बाजूचे नाही. नेदरलँड्समध्ये व्हॅन ब्यूनिंगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये शाळकरी मुलांच्या सर्व चुका दाखवून प्रयोग केला. त्यातही अचूकता वाढली आणि मुलांचे लेखन सोपे झाले नाही. म्हणजे सगळ्या चुका दाखवणे मुळातच घातक आहे, असे मी म्हणणार नाही. पण तो एक आखून केलेला प्रयोग होता. तुमच्याकडे १२० वह्या आहेत. एका वहीला पाच मिनिटे धरली, तरी एका निबंधाला दहा तास होतात. एवढ्या थकव्यात टिपा लिहिणे शक्य नाही, मग उरते ती खाडाखोड. ज्या मुलाच्या एका पानावर पंचवीस लाल खुणा आहेत, त्याने त्यातली कोणती आधी पाहावी, हे त्याला कोण सांगणार? चार वाक्ये लिहून वही देणाऱ्या मुलाने आपल्या परीने ही अडचण सोडवली आहे.

म्हणून माझा आग्रह आहे की, पंधरा दिवसांसाठी दोनच गोष्टी निवडा आणि त्या मुलांना लिहिण्याच्या आधी सांगा. गोष्ट लिहायची असेल, तर ‘या वेळी मी भूतकाळातला नकार आणि अ-द एवढेच तपासणार आहे’ असे फळ्यावर लिहा. निवडताना फेरिस यांनी केलेला एक भेद उपयोगी पडेल. काही चुका नियमात बसतात: ‘डिड’नंतरचे क्रियापद, ‘वन ऑफ माय’नंतरचे अनेकवचन, तृतीयपुरुषी ‘एस’. यांच्याखाली नुसती रेघ मारली, तर नियम माहीत असलेले मूल स्वतः सुधारू शकते. काही चुकांना असा नियमच नसतो. ‘मिस्टेक’बरोबर ‘डू’ न येता ‘मेक’ येते किंवा ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही, हे विचार करून सापडण्यासारखे नाही. तिथे रेघ मारून मुलाला शोधायला लावणे हा अन्याय आहे. सरळ बरोबर रूप लिहून द्या. वर्गातल्या कच्च्या मुलांच्या बाबतीत तर पहिल्या प्रकारच्या चुकांनाही बरोबर रूप लिहूनच द्यावे, कारण जो नियम त्यांना ठाऊकच नाही, तो रेघेकडे पाहून सुचत नसतो.

त्याच त्या टिपा १२० वेळा लिहू नका. वर्गात वारंवार येणाऱ्या सहा-सात चुका निवडा, प्रत्येकीला क्रमांक द्या आणि तिची मराठी टीप व एक उदाहरण मुलांकडून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या. मग वहीत चुकीखाली रेघ आणि समासात ‘३’ एवढे पुरेल. वहीला दोन मिनिटे लागली, तर दहा तासांचे चार तास होतील. (शाई लाल असावी की हिरवी, यावर शिक्षकांमध्ये पुष्कळ वाद होतात, तो वेळ टिपा चांगल्या करण्यात घालवावा, असे मला वाटते.)

आता वही परत दिल्यानंतरच्या गोष्टीकडे येतो. या एकाच मुद्द्यासाठी मी हे सदर लिहिले असते, तरी चालले असते. जीन चँडलर यांनी २००३ मध्ये दोन गटांची तुलना केली. दोन्ही गटांना शिक्षकाने चुका दाखवल्या होत्या. फरक एवढाच की, एका गटाने पुढचे लेखन करण्याआधी आधीच्या चुका सुधारून दाखवायच्या होत्या, दुसऱ्याने लगेच तसे करायचे नव्हते. सत्राअखेर पहिल्या गटाची अचूकता वाढली, दुसऱ्याची वाढली नाही. शिक्षकाचे श्रम दोन्हीकडे सारखेच होते. तुमच्या वर्गात आज वही मिळते, मूल गुण बघते आणि दप्तरात टाकते, असे असेल, तर तुमच्या साऱ्या संध्याकाळी दुसऱ्या गटाच्या वाट्याला जात आहेत.

म्हणून ज्या दिवशी वह्या परत द्याल, त्या तासिकेची पहिली पंधरा मिनिटे फक्त वहीसाठी ठेवा. मुलांनी खुणा केलेली वाक्ये पूर्ण आणि बरोबर लिहून काढायची. केवळ चुकलेला शब्द पुन्हा लिहू देऊ नका, वाक्य पूर्ण असावे. मग त्याच नियमाचे एक स्वतःचे नवे वाक्य लिहायचे, आपल्या घरचे, शेतातले, बाजारातले. हे नवे वाक्य फार महत्त्वाचे आहे. दुरुस्ती उतरवून काढणे हाताचे काम आहे. नवे वाक्य रचताना मुलाला नियम वापरावा लागतो आणि तो कळला की नाही, हे तुम्हाला तिथेच फिरताना दिसते. साठ मुलांच्या तुकडीत प्रत्येकाकडे जाणे शक्य नाही, तेव्हा बाकावरच्या जोडीदाराला नवे वाक्य दाखवू द्या आणि अडले तर हात वर करू द्या. पंधरा मिनिटांनी अभ्यासक्रम मागे पडेल, ही भीती मला समजते. पण न वाचल्या जाणाऱ्या वह्यांवर तुम्ही आज जे तास घालवता, त्यांच्या तुलनेत ही पंधरा मिनिटे स्वस्त आहेत.

गुणांबद्दलही बोलायला हवे. रूथ बटलर यांच्या १९८८ मधील अभ्यासात ज्या मुलांना केवळ शेरे मिळाले, त्यांची कामगिरी आणि गोडी वाढली. ज्यांना शेऱ्यांसोबत गुणही मिळाले, त्यांना शेऱ्यांचा तो लाभ झाला नाही. तो अभ्यास व्याकरणावरचा नव्हता, पण गुण दिसले की बाकीचे वाचले जात नाही, हे आपण रोज पाहतो. घटक चाचणी आणि सत्र परीक्षा यांचे गुण द्यावेच लागतात. रोजच्या वहीत मात्र गुण देण्याआधी सुधारलेली वाक्ये पाहा आणि मगच आकडा लिहा.

एक शंका विचारून ठेवतो, राग मानू नका. तुम्ही तपासता ते लेखन मुलांचे स्वतःचे आहे ना? महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते, म्हणजे तुमची मुले आठ-नऊ वर्षे इंग्रजीच्या सहवासात आहेत. तरी अनेकांनी स्वतः रचलेली वाक्ये फार थोडी लिहिलेली असतात. ‘माय फेव्हरिट फेस्टिव्हल’ गाईडमधून पाठ केलेला असेल, तर त्यातली चूक ही पाठांतर विसरल्याची चूक असते आणि तिच्यावर व्याकरणाची टीप चालत नाही. वहीत एकसारख्या सुंदर वाक्यांच्या मध्येच एखादे मोडके वाक्य आले, तर ते मोडके वाक्यच मुलाचे असते; तपासण्याच्या लायकीचे तेच आहे. पूर्ण निबंधाऐवजी आठवड्याला सहा-सात ओळींचे स्वतःचे लेखन घ्या: काल पाऊस आला तेव्हा काय झाले, आठवडी बाजारात काय घेतले, एसटी चुकली तेव्हा काय केले. ओळींची किमान संख्या ठरवून द्या आणि या ओळींत निवडलेल्या दोन गोष्टींखेरीज कशाचेही गुण जाणार नाहीत, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगा. चार वाक्यांवर थांबणाऱ्या मुलांची भीती जायला काही महिने लागतील, तेवढा धीर धरावा लागेल.

मुख्याध्यापक आणि पालक यांची काळजी खरी आहे. न खोडलेली चूक दिसली की शिक्षकाने नीट तपासले नाही, असा अर्थ काढला जातो. यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक लेखनाच्या वर ‘या वेळी भूतकाळातील नकार आणि उपपदे तपासली आहेत’ असे मराठीत लिहावे आणि खाली मुलाच्या सुधारित वाक्यांवर सही करावी. मुख्याध्यापकांना हे आधी सांगा. एका तुकडीत एक सत्र करून पाहण्याची परवानगी मागितली, तर ते सहसा नाही म्हणणार नाहीत, आणि सत्राअखेर दोन्ही तुकड्यांच्या वह्या शेजारी ठेवून दाखवता येतील. पालक सभेत एक वही उघडून चूक, टीप, सुधारलेले वाक्य आणि नवे वाक्य अशी चारही अंगे दाखवा. आईवडिलांना इंग्रजी येत नसले, तरी आपल्या मुलाने एकच वाक्य दोनदा लिहून सुधारले आहे, हे त्यांना दिसते.

ज्या मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्यांचा विचार वेगळा करावा लागेल. दसरा-दिवाळीनंतर ही मुले कारखान्याच्या परिसरात जातात आणि हंगाम संपल्यावर वर्गात येतात, तेव्हा तुमचे क्रमांक आणि शेवटच्या पानावरच्या टिपा त्यांना परक्या झालेल्या असतात. त्यांच्या वहीत रेघ आणि ‘३’ लिहून चालणार नाही. पहिले काही आठवडे बरोबर रूप पूर्ण लिहून द्या आणि नियम एका वेळी एकच घ्या. जाण्यापूर्वी त्यांच्या वहीत टिपांचे पान पुरे आहे ना, हे पाहून घ्या आणि वही सोबत न्यायला सांगा. जी मुले गावातच आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांना एखाद्या नियमित येणाऱ्या मुलासोबत बसवा आणि वही परत देण्याच्या तासिकेला ती हजर राहतील, एवढे जरूर पाहा. एखाद्या आठवड्यात लेखन बुडाले तरी चालेल, सुधारण्याची ती पंधरा मिनिटे बुडू देऊ नका.